तहान लागायची वाट पाहू नका

मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आरोग्य पान लिहिणाऱ्या आम्ही तिघी जणी रोज एका घरी जात होतो. घर उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतलं. खाली स्लॅबच्या दोन खोल्या, तिथे मुलगा, सून आणि दोन नातवंडं. वर गच्चीवर टिनाची एक खोली, तिथे काकाजी आणि काकू. नावं आम्ही लिहीत नाही. बाकी जे पाहिलं ते सगळं लिहा, असं घरच्यांनीच सांगितलं.

काकाजी ७१ वर्षांचे. रेल्वेत ट्रॅकमन होते. काकू ६७ वर्षांच्या, अंगणवाडीत मदतनीस होत्या. दोघंही कामातून मोकळे झालेले. हातीपायी धड, रोज विहारात जाणारे, कुणावर ओझं नको म्हणणारे. म्हणूनच हे घर निवडलं होतं. उन्हाळ्याच्या लेखात आपण शेतमजूर, रिक्षावाले, बांधकामावरच्या बाया यांच्याबद्दल लिहितो, आणि ते लिहायलाच पाहिजे. पण घरात बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऊन लागतं, हे आपल्याला पटकन पटत नाही. आम्हालाही त्या आठवड्याआधी पुरतं पटलेलं नव्हतं.

विदर्भात या दिवसांना नवतपा म्हणतात. पंचांगवाले त्याचा संबंध रोहिणी नक्षत्राशी लावतात. आपल्याला नक्षत्राची गरज नाही, कारण साधं आहे. मेच्या शेवटी नागपुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, आभाळ कोरडं असतं, वायव्येकडून तापलेला वारा येतो आणि पावसाला अजून दोन-तीन आठवडे असतात. ही तापी मोजून नऊ दिवसांत संपतही नाही. म्हणून कॅलेंडर न बघता आम्ही भिंतीवर टांगायचा एक साधा तापमापक घेतला आणि सोमवारी काकाजींच्या खोलीत खिळ्याला लावला.

त्या दिवशी पेपरात पारा ४५ होता. दुपारी तीन वाजता टिनाच्या खोलीत ४७ दिसला. काकाजी म्हणाले, "तुमचं यंत्र बिघडलं असंन." बिघडलं नव्हतं. हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीत. आपल्या डोक्यावरच्या तापलेल्या पत्र्याखाली कुणी मोजत नाही. पेपरातला आकडा शहराचा असतो, आपल्या घराचा नसतो.

रात्री दहा वाजता पुन्हा पाहिलं. वर टिनाखाली ३६, आणि खाली स्लॅबच्या खोलीत ३८. घरातल्या सगळ्यांनाच नवल वाटलं. पण विचार केला तर सोपं आहे. पत्रा पातळ, तो लवकर तापतो आणि लवकर निवतो. स्लॅब जाड, तो दिवसभर ऊन पीत राहतो आणि रात्री ते खोलीत सोडतो. म्हणजे या घरात दुपारची जागा खाली आणि रात्रीची जागा वर, गच्चीवर. आणि चाललं होतं नेमकं उलटं. दुपारी म्हातारे वर टिनाखाली, रात्री पोरं खाली स्लॅबखाली घामाघूम. जागा होती, फक्त वेळेची अदलाबदल करायची होती. ती सुचायला सात-आठशे रुपयांचं कूलरचं बिल वाढावं लागत नाही, दोन वेळा तापमापक बघावा लागतो.

आता काकाजींचा दिवस. पहाटे साडेचारला नळ येतो, तेव्हा उठून पाणी भरायचं. मग विहाराचं आवार झाडायचं, झाडांना पाणी, घरी येऊन चहा, पेपर. दहाच्या आत बाजारहाट. इथपर्यंत त्यांचं वेळापत्रक कुठल्याही डॉक्टरने शाबासकी द्यावी असं. बारानंतर मात्र ते वर खोलीत जाऊन पंख्याखाली पडत. आम्ही म्हटलं, काकाजी, खाली चला. तर म्हणाले, "पंचेचाळीस डिग्रीत गस्त घातली आहे म्या. उन्हानं रूळ वाकते बाई, गँगमन नाही वाकत."

गस्तीची गोष्ट खरी आहे. उन्हाने रूळ प्रसरण पावतो आणि वाकण्याचा धोका असतो, म्हणून ऐन दुपारी ट्रॅकमनना रुळाच्या कडेने चालत पाहणी करावी लागते. काकाजींनी ते तीस-पस्तीस वर्षं केलं. पण ते शरीर तेव्हाचं होतं. वय वाढलं की घाम कमी येतो आणि उशिरा येतो. अंग थंड ठेवायला कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, त्यासाठी हृदयाला जास्त काम पडतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तहानेची जाणीवच बोथट होते. शरीराला पाणी हवं असतं, पण जीभ मागत नाही. जुन्या गँगमनला हे सांगणं जड जातं. आम्ही सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं, ते हसले.

पंख्याबद्दल इथेच सांगून टाकतो. खोलीतली हवा चाळीसच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा म्हणजे भट्टीची हवा अंगावर घेणं. तेव्हा पंख्यापुढे अंग ओलं हवं. ओला दुपट्टा मानेवर, खांद्यावर, ओला पंचा छातीवर, आणि मग पंखा. पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून ही युक्ती नागपुरात छान चालते. कूलर चालतो तोही याच कारणाने.

मंगळवारी आम्ही काकूंचं पाणी मोजलं. त्यांना न सांगता मोजलं, हे कबूल करतो. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दोन कप चहा, एक वाटी मठ्ठा आणि पाण्याचे चार पेले. बस्स. दोन वेळचा स्वयंपाक त्या टिनाखालीच, गॅसजवळ उभं राहून. विचारलं तर म्हणाल्या, "तहानच नाही लागत तं काय जबरदस्तीनं पिऊ?" काकाजी खाली गेले तेव्हा मात्र हळूच खरं बोलल्या. "रात्री खाली जा लागते ना. तो जिना पाह्यला का तुम्ही?"

जिना आम्ही रोज चढत होतो, पाहिला मात्र तेव्हाच. लोखंडी, उभा, एका बाजूला कठडा नाही, दिवा नाही. संडास-मोरी खाली. काकूंचे गुडघे दुखतात. रात्री दोनदा उतरायचं-चढायचं, सुनेची झोप मोडायची, त्यापेक्षा त्यांनी दुपारी चारनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. मग लघवीला जळजळ, म्हणजे आपण जिला उन्हाळी लागणं म्हणतो ती. ती झाली की जायची भीती अजून वाढते आणि पाणी अजून कमी होतं. ज्या बाईने वस्तीतल्या शेकडो पोरांना हाताने जलसंजीवनी पाजली, तिने स्वतःच्या घरी जिन्याच्या भीतीने घसा कोरडा ठेवला होता. आणि हे त्या घरातल्या कुणालाही माहीत नव्हतं. वाचकहो, आपल्या घरी आई, सासू, आजी कमी पाणी पीत असेल तर "पाणी पीत जा" म्हणून तिला रागावण्याआधी संडासाची वाट कशी आहे ते एकदा बघा.

बुधवारी आम्ही कठड्याबद्दल मुलाशी बोललो. रविवारी वेल्डरला बोलावतो म्हणाला.

गुरुवारी रविवारच्या आधीच व्हायचं ते झालं. काकू सकाळी रेशनच्या दुकानात गेल्या. मशीनवर अंगठा उमटत नव्हता, रांग हलत नव्हती, साडेबारा वाजले. घरी येऊन त्यांनी स्वयंपाक केला, जेवल्या नाहीत, मळमळतं म्हणून वर पडून राहिल्या. डोकं दुखतंय, पायात गोळे येताहेत, असं काकाजींना म्हणाल्या. काकाजींना वाटलं, थकली. ते विहारात गेले. चार वाजता नववीतली नात चहा घेऊन वर गेली, तर आजी तिला म्हणते, "पोरं बसली का? खिचडी वाढायची राहिली." पोरगी हसली. मग आजीने तिला दुसऱ्याच नावाने हाक मारली, तेव्हा ती घाबरून खाली धावली.

सुनेला हे कळलं याचं श्रेय आशाताईंच्या विहारातल्या बैठकीला द्यायला हवं. अंग तापलेलं असून माणूस भलतंच बोलू लागला, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे, एवढं एक वाक्य तिच्या लक्षात होतं. तिने १०८ ला फोन लावला. ही गाडी फुकट येते आणि त्या नंबरावर फोन करायला पैसे लागत नाहीत, हे पुन्हा लिहितो, कारण अजूनही बरेच जण आधी ऑटो शोधत बसतात.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारचे दोघं काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणत होते. नळाजवळच्या सावलीत चटई टाकली, पोलकं सैल केलं, नळाचं साधं पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतलं, ओली चादर टाकली आणि टेबलफॅन पाण्यापासून दूर ठेवून तिकडे वळवला. नातू कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ घेऊन आला. तो फडक्यात गुंडाळून मानेला, दोन्ही काखेत आणि जांघेत ठेवला. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात, म्हणून तिथे. चादर गरम झाली की पुन्हा पाणी. काकाजी धापा टाकत आले आणि त्यांनी आधी पाण्याचा पेला उचलला. सुनेने त्यांचा हात धरला. "बाबा, शुद्धीत नाही आहे ना त्या. श्वासनळीत जाईन." सासऱ्याचा हात धरायची त्या घरात ती पहिली वेळ असेल. तिने धरला हे बरं झालं. पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं.

तापाची गोळीही द्यायची नसते. आजारातला ताप वेगळा, हा ताप वेगळा. इथे शरीराची थंड होण्याची यंत्रणाच थकलेली असते, गोळीने ती सुरू होत नाही आणि यकृतावर उगीच भार पडतो. उष्माघातात अंगाचं तापमान ४० अंश सेल्सियस म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातं. अंग कोरडं असेलच असंही नाही, घाम असूनही उष्माघात होतो. बोलणं, चालणं, ओळख बिघडली की तापमापकही शोधत बसू नका. आधी थंड करायला लागा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. तो अर्धा तास सर्वात मोलाचा असतो.

गाडी आली. दवाखान्यात दोन रात्री काढून काकू शनिवारी घरी आल्या. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी कुठल्या गोळ्या घेतात?" सुनेने डबी दाखवली. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. ती गोळी वाईट नाही, लाखो लोकांचं बीपी तिने ताब्यात राहतं. पण शरीर आधीच पाण्यावाचून असताना ती आणखी पाणी काढते. उन्हाळ्यात तिचा डोस बघून घ्यावा लागतो, हे काकूंना कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही चार दिवस त्या घरात बसून डबी उघडून पाहिली नव्हती. ही आमची चूक. तेव्हापासून आम्ही कुठल्याही घरी गेलो की आधी गोळ्यांची डबी मागतो.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. बीपीची, हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. मार्च संपायच्या आत डबी घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि विचारायचं, उन्हाळ्यात यात काही बदल हवा का. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तेही सांगायचं. काही मानसिक आजारांच्या आणि अॅलर्जीच्या गोळ्यांनीही घाम कमी होतो. ज्यांचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे आणि ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी या लेखातलं वाचून पाणी वाढवू नये, आपल्या डॉक्टरला विचारूनच वाढवावं. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी फ्रिज नसेल तर ती बाटली पिशवीत बांधून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवा, टिनाखालच्या फळीवर नको.

रविवारी कठडा लागला. जिन्यावर दिवा लागला. काकूंसाठी वरच पलंगाजवळ बसायची कमोड खुर्ची आणली. काकूंना दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारणीला ती दाखवली. दुपारी बारा ते पाच दोघं खाली मोठ्या खोलीत, नातवंडांबरोबर. सायंकाळी गच्चीवर पाणी शिंपडून, वाफ निघून गेल्यावर, रात्री सगळं घर वर उघड्यावर मच्छरदाणीत. दुपारचा स्वयंपाक सकाळी आठच्या आत आटोपतो. दुपारी चूल नाही. सकाळची भाजी मात्र रात्रीपर्यंत ठेवायची नाही, या उन्हात ती आंबते.

आणि काकाजी. त्यांनी खडू आणला आणि माठाच्या मागच्या भिंतीवर दोन रकाने आखले, एक स्वतःचा, एक काकूंचा. पेला प्यायला की एक रेघ. गँगची हजेरी घ्यायचे तशी. जागेपणी दर तासाला एक पेला, तहान असो नसो. रात्री आठला ते रेघा मोजतात आणि कमी भरल्या तर काकूंना म्हणतात, "तुमची हाफ डे लागली." खरी हजेरी मात्र लघवीच्या रंगावर असते. फिकट पिवळी असली की ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतं आहे.

जलसंजीवनीबद्दल दोन शब्द. सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत पाकीट मिळतं. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी टाकायचं, अर्धं आज अर्धं उद्या नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट. हे रोजचं पेय नाही. घाम गाळून, उलटी-जुलाब होऊन किंवा ऊन लागल्यासारखं वाटल्यावर घ्यायचं. बीपीवाल्यांनी तर हौसेने अजिबात नाही. दुकानात रंगीत डब्यांत मिळणारी गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे. रोजच्यासाठी साधं पाणी, पातळ मठ्ठा, ज्वारीची आंबील. कैरीचं पन्हं छान, पण मधुमेह असेल तर गूळ-साखरेचा हात आवरा. कांदा जेवणात खा. खिशात ठेवलेला कांदा फक्त खिशाला वास आणतो.

कूलरचं म्हणाल तर शेजाऱ्यांनी जुना दिला. दोन गोष्टी त्यांना सांगाव्या लागल्या. कूलर लावून सगळी दारं-खिडक्या बंद केल्या तर खोली दमट होते आणि घाम वाळत नाही, म्हणून समोरची खिडकी उघडी हवी. आणि पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून जीव जातात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

राहिला टिन. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला होता, आणि अभ्यासकांनी नंतर नोंदी तपासल्या तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त मृत्यू झालेले आढळले. २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देणं सुरू झालं. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं. आम्ही तेच इथे केलं. चुन्याची कळी रात्रभर भिजवली, झाकून, पोरांपासून लांब, कारण ती उकळते आणि डोळ्यांत गेली तर डोळा जातो. सकाळी गाळून त्यात थोडा डिंक टाकला आणि टिन झाडून दोन हात दिले. वर मुलगा आणि त्याचा मित्र चढले. काकाजी चढायला निघाले होते, त्यांना खाली शिडी धरायला उभं केलं. पत्र्यावर म्हाताऱ्या माणसाने चढायचं नाही, एरवीही नाही आणि उन्हात तर नाहीच. पावसाने हा चुना धुऊन जातो, दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा द्यावा लागतो.

चुना दिल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता काकाजी स्वतः वर जाऊन तापमापक बघून आले. ४३ होतं, आणि पेपरातही त्या दिवशी ४४ होतं. "यंत्र बरोबर दिसते," म्हणाले.

तापमापक आता त्या घरी नाही. पुढच्या गल्लीत ८० वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या दारामागे काकाजींनी तो लावला आहे. सकाळी पाणी भरून झालं की ते तिथे जातात, माठ बघतात आणि खडूने रेघ मारून येतात.